झाडूचा वारसा आम्हाला, यंत्राचा वारसा कुणाला?



गटार साफ करणारा रोबो आमच्या शहरात आला, त्या दिवशी आम्ही सगळे तिथे हजर होतो. आम्ही म्हणजे सफाई कामगारांच्या वसाहतीत वाढलेली आणि दर रविवारी विहारात अभ्यासवर्ग चालवणारी सात-आठ पोरं-पोरी. रस्त्यात मांडव घातला होता. मेनहोलचं झाकण आदल्या दिवशीच धुऊन ठेवलं होतं. यंत्राला झेंडूचा हार घातला, नारळ फुटला, साहेबांची भाषणं झाली. मग कंपनीकडून आलेल्या तरुण इंजिनिअरने पडद्यासमोर उभं राहून बटणं दाबली. यंत्र मेनहोलमध्ये उतरलं आणि लोखंडी हाताने काळा गाळ बादलीत भरून वर घेऊन आलं. टाळ्या पडल्या, फोटो निघाले.

आमचे लोक दोरीच्या अलीकडे उभे होते. त्याच लाइनीत ज्यांनी वीस-वीस वर्षं काम केलं, कुठल्या चेंबरमध्ये गाळ तुंबतो आणि कुठे झाकणाखाली वायू साठतो हे ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांना मांडवात खुर्ची नव्हती. मात्र वर आलेला गाळ ट्रॉलीत भरायची वेळ आली तेव्हा मुकादमाने हाक मारली, "ए, या रे दोघं-तिघं." यंत्राने उपसलेली घाण उचलायला शेवटी माणसंच लागली. ती कुठल्या जातीची असणार, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

आमच्याबरोबर आप्पा होते. ड्रेनेज खात्यातून निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली. वसाहतीत लहान-थोर सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. त्यांनी ते यंत्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे पंधरा वर्षं आधी यायला पाहिजे होतं." पुढे ते काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ चेंबरमध्ये उतरला तो जिवंत वर आला नाही, हे वसाहतीत सगळ्यांना माहीत आहे. आप्पा नव्या पोरांना सांगायचे, "कुजक्या अंड्याचा वास येतोय तोवर ठीक. वास यायचा थांबला की समज, नाक मेलं. दोर ओढ आणि वर ये." पुढे विज्ञानाच्या पुस्तकात आम्ही वाचलं की हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. आप्पांना वायूचं नाव माहीत नव्हतं, त्याचा गुण माहीत होता. हे ज्ञान त्यांनी कुठल्या किमतीला मिळवलं, ते वेगळं सांगायला नको.

त्या रविवारच्या अभ्यासवर्गात ठरलेलं वाचन बाजूला राहिलं आणि चर्चा रोबोवरच झाली. आम्हाला वाटलं होतं, सगळे एका सुरात स्वागत करतील. तसं झालं नाही. आमच्यातला एक मित्र बी.कॉम. झालेला आहे. त्याच्या वडिलांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. तो उसळून म्हणाला, "आप्पा, तुमचं झालं निभावून. आमचं काय? हा रोबो दहा जणांचं काम करणार, मग वारसा हक्काची माझी ऑर्डर निघणार कशाला?" आप्पा म्हणाले, "अरे, माझा भाऊ गेला त्या भोकात." मित्र म्हणाला, "मला पण तिथे जायचं नाही, आप्पा. पण तुम्ही दुसरी दारं कुठे उघडी ठेवलीत?"

'तुम्ही' हा शब्द त्याने आप्पांना उद्देशून वापरला नव्हता. तो व्यवस्थेला उद्देशून होता. पण त्या क्षणी आम्हाला उत्तर देता आलं नाही. हा लेख ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. ही तरतूद आमच्या हजारो घरांचा आधार आहे. तिच्यामुळे चुली पेटल्या, पोरं शिकली. तिच्यावर बोट ठेवण्याचा हक्क एसीत बसून 'जातीचा धंदा सोडा' असं सांगणाऱ्यांना नाही. पण आपण आपल्यात तरी खरं बोललं पाहिजे. आमच्या वसाहतीत आम्ही पाहिलं ते असं: बाप झाडूवर, तर पोरगाही झाडूवर, मग तो बारावी असो की पदवीधर. कायम नोकरी, पगारी रजा, पेन्शन हे सगळं ज्या एका दारातून मिळत होतं, त्या दारावर जातीचं नाव लिहिलेलं होतं. आता त्या दारात यंत्र येऊन उभं राहिलंय. साहजिकच पोरगा यंत्राकडे शत्रू म्हणून बघणार.

पण यंत्र खरंच आपला शत्रू आहे का? बाबासाहेबांनी या प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलंय. १९४५ साली काँग्रेस आणि गांधींच्या अस्पृश्यविषयक कामाची झाडाझडती घेणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात गांधीवादावरच्या प्रकरणात त्यांनी यंत्रविरोधाचा समाचार घेतलाय. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: यंत्रामुळे जे वाईट घडतं त्याचा दोष यंत्राचा नाही, समाजाची रचना चुकीची असल्याचा आहे. मालकी मूठभरांकडे असेल तर यंत्राचा फायदाही मूठभरांनाच होणार. तेव्हा यंत्र फेकू नका, रचना बदला. माणसाला जनावराच्या वरचं जगायचं असेल तर त्याला फुरसत पाहिजे, आणि कष्टकऱ्याला फुरसत यंत्राशिवाय मिळणार नाही. भंगीकामाला पवित्र सेवा म्हणून गौरवणाऱ्यांवरही त्यांनी त्याच ग्रंथात कोरडे ओढलेत. घाणीच्या कामाचा गौरव करायचा आणि ते काम ठरावीक जातीकडेच ठेवायचं, हा डाव त्यांनी ओळखला होता.

म्हणून आम्ही स्वच्छ सांगतो, गटारातल्या रोबोला आमचा विरोध नाही. उलट तो उशिरा आला हीच आमची तक्रार आहे. माणसाने उपसायच्या मैल्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा. दुसरा २०१३ चा, त्याच्या कलम ७ ने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घ्यायला मनाई केली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये द्यायला सांगितलं, २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. मरणाचा दर वाढला, मरण थांबलं नाही. चंद्रावर यान पाठवणाऱ्या देशाला सात-आठ फूट खोल खड्ड्यात यंत्र उतरवता येत नव्हतं, यावर आमचा विश्वास नाही. यंत्र आलं नाही, कारण माणूस स्वस्त होता. आणि तो स्वस्त का होता, याचं उत्तर सरकारच्याच आकड्यात आहे. डिसेंबर २०२१ मध्ये राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार, मैला उपसणारे म्हणून नोंदलेल्या ज्या ४३,७९७ जणांच्या जातीची माहिती उपलब्ध होती, त्यातले ४२,५९४ अनुसूचित जातींचे होते. म्हणजे शंभरात सत्त्याण्णव. ज्या कामात शंभरातले सत्त्याण्णव आपले असतात, त्या कामाला यंत्र शोधण्याची घाई कुणाला असणार?

इथपर्यंत बहुतेक वाचक आमच्याशी सहमत असतील. खरा प्रश्न यापुढे आहे. यंत्र आलं की जात आपोआप जाते का?

याचं उत्तर मुंबईच्या गिरण्यांनी शंभर वर्षांपूर्वीच दिलंय. गिरणी म्हणजे त्या काळातलं सगळ्यात आधुनिक यंत्रांचं ठिकाण. अस्पृश्यांना गिरणीत काम मिळत होतं, पण साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणलं जाई आणि पगार जास्त होता तिथे, प्रवेश नव्हता. का? तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून बाहेर काढावं लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आपल्या तोंडाला कसा लावायचा, अशी सवर्ण कामगारांची हरकत होती. विलायतेतून आलेल्या यंत्राला जात माहीत नव्हती. पण आपल्या समाजाने त्या यंत्राच्या एका भोकातसुद्धा जात शोधून काढली.

१९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. कमी माणसांकडून जास्त यंत्रं चालवून घ्यायची मालकांची योजना हे त्या संपाचं एक मोठं कारण होतं. म्हणजे आजच्या भाषेत ऑटोमेशनचाच प्रश्न. त्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांसमोर मुद्दा मांडला की साचेखातं अस्पृश्यांना खुलं करा, ही मागणीही तुमच्या मागण्यांत घ्या. यंत्र माणसाचं काम खातं की नाही यावर सगळे भांडत होते. त्या यंत्रासमोर उभं राहायचा हक्क कुणाला आहे, हे विचारणारे बाबासाहेब होते. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेतही त्यांनी हेच दाखवून दिलं की आपला माणूस गँगमन म्हणूनच राबतो, वरच्या आणि कौशल्याच्या जागा त्याला मिळत नाहीत. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांनी सांगितलं ते याच परिषदेत. ही परिषद रेल्वे कामगारांची होती, हे लक्षात ठेवा. रेल्वे हे त्या काळचं सर्वात मोठं यंत्र होतं. ते धावत होतं, आणि आपला माणूस त्याच्या रुळाखालची खडी नीट करत होता.

आता आमच्या शहरातल्या रोबोकडे परत या.

उद्घाटनानंतर आम्ही पालिकेत अर्ज दिला. यंत्र चालवायला ड्रेनेज खात्यातल्या कामगारांना आणि त्यांच्या मुलांना शिकवा, एवढीच मागणी होती. तोंडी उत्तर मिळालं, "ऑपरेटर कंपनीचा असतो. आयटीआय लागतं. तुमच्या लोकांना जमणार नाही." हे वाक्य आमच्यातल्या कुणाला नवीन नव्हतं. शाळेत, बँकेत, मुलाखतीत सगळ्यांनी ते वेगवेगळ्या शब्दांत ऐकलेलं आहे. पण या वेळी आम्ही कायदा वाचून गेलो होतो. २०१३ च्या कायद्याचं कलम ३३ सांगतं की गटारांच्या सफाईसाठी योग्य तंत्रज्ञान वापरणं हे स्थानिक संस्थेचं कर्तव्य आहे. कलम १३ पुनर्वसनात कौशल्य प्रशिक्षण आणि त्या काळात विद्यावेतन द्यायला सांगतं. आणि 'जमणार नाही' म्हणणाऱ्यांसाठी आम्ही केरळचं उदाहरण जोडलं. २०१५ साली कोझिकोडला गटारात दोन कामगार आणि त्यांना वाचवायला उतरलेला एक रिक्षावाला असे तिघे मेले. त्यानंतर तिथल्या तरुण इंजिनिअरांनी 'बॅन्डिकूट' नावाचा रोबो बनवला आणि २०१८ साली तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. तो चालवायला गटारात उतरणाऱ्या कामगारांनाच शिकवण्यात आलं. तिथे जमलं, मग इथे का जमणार नाही? दिल्लीत २०१९ साली जलबोर्डाने गटारसफाईची २०० यंत्रं आणली, तेव्हा सफाई कामगारांना आणि गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना यंत्राचे मालक होण्यासाठी प्राधान्य दिलं. तिथे कामगार बटण दाबणारा तर झालाच, शिवाय यंत्राच्या कागदावर त्याचं नाव लागलं.

दहा महिने चपला झिजवल्यावर आमच्याकडे चार कामगारांना आठ दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. आज तेच चौघं यंत्र चालवतात. ज्याला 'जमणार नाही' म्हटलं होतं, त्यातला एकजण सातवी पास आहे आणि पडद्यावर वायूचा आकडा बघून झाकणाजवळच्या लोकांना मागे हटवतो. आप्पांचं नाक जे काम करत होतं, ते आता यंत्र करतं, आणि त्या यंत्रामागे आपलाच माणूस उभा आहे. हे पाहायला आम्ही आप्पांना मुद्दाम घेऊन गेलो होतो.

पण लगेच पाठ थोपटून घेऊ नका. या चौघांच्या पगारपत्रकावर आजही पद तेच आहे: सफाई कामगार. ऑपरेटरची जागा मंजूर नाही, म्हणून ऑपरेटरचा पगार नाही. वर एका साहेबाने टिप्पणी लिहिली की आता हे गटारात उतरत नाहीत, तर घाणभत्ता कशाला? आणि यंत्र बंद पडलं की दुरुस्तीवाला परगावाहून येईपर्यंत पुन्हा बांबू आणि दोर बाहेर निघतात. यंत्र बंद पडलं की माणूस सुरू! अरुंद बोळात यंत्र जात नाही, तिथेही माणूस. खाजगी सोसायट्यांच्या सेप्टिक टँकमध्ये तर अजून ठेकेदाराचा माणूसच उतरतो. हे काम रोख पैशांत होतं, हजेरीपटावर नाव नसतं आणि मेला तर तो कुणाचाच नसतो.

आमच्या अभ्यासवर्गातल्या एका मैत्रिणीने आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. तिची आई कंत्राटावर रस्ते झाडते. मोठ्या रस्त्यांवर झाडणारी गाडी आली तेव्हा मांडव नव्हता, नारळ नव्हता. एका सकाळी हजेरीच्या वेळी ठेकेदाराने निम्म्या बायकांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. ती म्हणाली, "तुम्ही सगळे गटारातल्या रोबोवर बोलताय, कारण गटारात पुरुष उतरतात. झाडूवर बायका आहेत, त्यांचं यंत्र रात्री गुपचूप येतं." तिचं म्हणणं आम्हाला लागलं, आणि ते खरंही आहे. गटारातला रोबो मरण हिरावून घेतो. झाडणारी गाडी, कामगाराला दुसरं काम न देता आली तर, भाकरी हिरावून घेते. दोन्हीला 'आधुनिकीकरण' हाच शब्द वापरला जातो. आपण तो शब्द ऐकून टाळ्याही वाजवू नयेत आणि दगडही मारू नयेत. तीन प्रश्न विचारावेत. या यंत्रामुळे मरण कुणाचं टळलं? पगार कुणाचा वाढला, कुणाचा गेला? आणि यंत्राची चावी कुणाच्या हातात आहे?

तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आहे. जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं. यंत्राने श्रम बदलतात. श्रमिकांची उतरंड मात्र तशीच राहू शकते, वर पडद्यासमोर एक जात आणि खाली ट्रॉलीजवळ दुसरी. उद्या गोदामात, दवाखान्यात, रेल्वेच्या डब्यात सगळीकडे यंत्रं येतील. तिथे पुसणारे, उचलणारे, उपसणारे आपलेच लोक आहेत. ज्या कामाला यंत्र आलं, ते काम ज्याने जन्मभर केलं त्याचा त्या यंत्रावर पहिला हक्क. हाच आमचा मुद्दा आहे, आणि तो दयेचा नाही, न्यायाचा आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सफाईचं यंत्र आणण्याआधी त्या खात्यातल्या कामगारांना पगारी प्रशिक्षण द्या. ऑपरेटर, देखभाल आणि दुरुस्तीची पदं मंजूर करा, ती ठेकेदाराकडे न देता कायम ठेवा, म्हणजे त्यांना आरक्षणही लागू होईल. वारसाला झाडूचीच नव्हे, यंत्राची ऑर्डर द्या. यंत्र आल्यामुळे एकाही कंत्राटी बाईला दुसरं काम दिल्याशिवाय घरी पाठवू नका. आणि यंत्र बंद असेल त्या दिवशी लाइन तुंबली तर तुंबू द्या, माणूस उतरवू नका.

आपल्यातल्या तरुणांनी काय करायचं? पहिलं काम स्वस्त आहे. आपापल्या पालिकेत माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका. सफाईची किती यंत्रं घेतली, ती चालवतं कोण, त्याचं पद आणि पगार काय, गेल्या वर्षी ती किती दिवस बंद होती आणि त्या दिवसांत काम कसं झालं, एवढं विचारा. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत आपल्या गावातल्या गटार कामगारांची नोंद झाली का आणि यंत्रासाठीचं अनुदान कुणाला मिळालं, तेही विचारा. उत्तरं हातात आली की विहारात बसून ती मोठ्याने वाचा. पुढचं काय करायचं ते त्या कागदातूनच कळेल.

आणि तो बी.कॉम. झालेला मित्र? त्याला आम्ही 'नोकरी सोड, स्वाभिमान धर' असलं काही सांगितलं नाही. पोट भरलेल्यांनी द्यायचा उपदेश आहे तो. तो वारसा हक्काचा अर्ज करणार आहे. मात्र अर्जासोबत दुसरा अर्जही जोडणार आहे, पद ऑपरेटरचं द्या म्हणून. तो नामंजूर होण्याची शक्यता जास्त आहे. झाला तर आम्ही सगळे मिळून तिसरा लिहू. अर्जाखाली सह्या गोळा करताना आप्पांनी स्वतःहून पेन मागून घेतलं आणि सर्वात वर सही केली.

जय भीम! जय संविधान!